हरकती, सूचना आणि बिळांची यादी

एका जंगलात, बाळांनो, सगळा कारभार ऑनलाइन झाला होता. झाडाखाली गप्पा मारायचं सोडून प्राणी वेबसाइट बघत बसायचे. चुळबुळ करू नका, नीट ऐका.

त्या वेबसाइटवर एक यादी होती. कोणाचं बीळ कुठे, आत पिल्लं किती. पूर आला तर कुणाला कुठून उचलायचं ते कळावं म्हणून सिंहमहाराजांनी ती करून घेतली होती. यादी कुलपात होती आणि पुढे फायरवॉल नावाचा दारवान उभा होता. हे सगळं सांभाळायचा सावळाराम मुंगूस. त्याची स्वतःची चार पिल्लंही त्याच यादीत होती, सातव्या नंबरावर.

एके दिवशी सावळारामाने सगळं तपासून पाहिलं. सर्व्हरवरचं लिनक्स, म्हणजे ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, इतकं जुनं झालं होतं की त्याच्या दुरुस्त्या येणंच बंद झालं होतं. तो धावत हत्तीसाहेबांकडे गेला. हत्तीसाहेब म्हणजे सुरक्षा समितीचे अध्यक्ष.

"साहेब, फायरवॉलला अल्पाइन नावाचं लिनक्स टाकू. त्यात सामानच थोडं, म्हणून फटीही थोड्या. वेबसाइटला डेबियन. त्याच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी येतात. एका दुपारचं काम आहे."

"किंमत?"

"फुकट आहे, साहेब."

"फुकटची वस्तू सुरक्षित कशी असेल रे? समितीपुढे ठेव."

बसली समिती. माकड म्हणालं, "रोज नवं येतं ते घ्या. माझा मेव्हणा तेच वापरतो." मोराने विचारलं, "दिसायला कसं आहे?" सर्व्हरला स्क्रीनच लावलेला नसतो, असं सावळारामाने सांगितलं. मोराने विरोध नोंदवला. कासव आलंच नाही, नुसता निघाल्याचा निरोप आला.

चार महिने असेच गेले. शेवटी हत्तीसाहेबांनी तोडगा काढला. जनतेकडून हरकती आणि सूचना मागवायच्या! आणि जनतेला नीट कळावं म्हणून सद्यस्थिती वेबसाइटवर टाकायची. लिनक्स कोणतं, किती जुनं, कुठली दारं उघडी, कुठलं कुलूप लागत नाही. मुदत तीस दिवस.

सावळाराम रडकुंडीला आला. "अहो साहेब, हे म्हणजे घर उघडं आहे अशी दारावर पाटी लावणं झालं!"

"याला पारदर्शकता म्हणतात," हत्तीसाहेब म्हणाले.

तीस दिवसांत एकच पत्र आलं. कोल्ह्याचं. 'सद्यस्थिती उत्तम आहे. आमची काहीही हरकत नाही. बदलाची घाई करू नये.'

सावळारामाने ते पत्र वाचलं. घरी आला आणि पिल्लांना पोटाशी धरून रडायला लागला. त्याची बायको कृष्णाबाई मोठी खमकी होती.

"अहो, रडताय काय? त्यांना लिनक्स बदलायचं नाही ना? मग आपण बीळ बदलू. आणि यादीत कळवायचं नाही हं!"

तिने साऱ्या आयाबायांना गाठलं. दोन दिवसांत जंगलभर बिळांची अदलाबदल झाली. सातव्या नंबरात साळिंदरबाई राहायला आल्या.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कोल्हा चोरलेली यादी घेऊन निघाला. सातव्या नंबरात त्याने मोठ्या आशेने तोंड घातलं. आई गं! नाकात सतरा काटे!

कोल्हा तसाच दरबारात गेला. "महाराज, सरकारी यादी साफ चुकीची आहे! माझ्यासारख्या सज्जनाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?"

"पण याला यादी मिळाली कशी, ते विचारा ना!" सावळाराम ओरडला.

"विषय बदलू नकोस," हत्तीसाहेब म्हणाले.

रीतसर चौकशी झाली. चुकीच्या नोंदी ठेवल्या म्हणून सावळारामाची नोकरी गेली. त्याच्या जागी कोल्हा नेमला गेला, कारण यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला जंगलात तोच एक होता.

सावळाराम घरी पोचला तर चारही पिल्लं त्याच्या अंगावर चढली. नोकरी गेल्याचं दुःख करायचं त्याला सुचेनाच, इतका आनंद झाला.

"आता पुढे काय?" कृष्णाबाईने विचारलं.

"नवे साहेब म्हणतायत, सगळ्यांनी खरा पत्ता पुन्हा कळवा."

"मग कळवू की," कृष्णाबाई म्हणाली. "सगळ्यांनी एकच लिहू. सिंहमहाराजांची गुहा."

तात्पर्य: बाळांनो, सर्व्हरसाठी सुरक्षित लिनक्स जरूर निवडावं. सर्वांना विश्वासात घेऊन, सावकाश, चर्चा करून निवडावं. तोवर मुलाबाळांचा पत्ता खोटा द्यावा.