सत्तय्याची तिसरी रेघ

सत्तय्याच्या घरी पाहुण्याला पाणी नंतर मिळतं. आधी खडूच्या रेघेवर उभं राहावं लागतं.

त्याच्या पुढच्या खोलीत एक लोखंडी कॉट आहे. कॉटच्या उशाशी भिंतीत प्लग, आणि तिथून दारापर्यंत फरशीवर हात-हात अंतरावर ओढलेल्या पाच रेघा. आलेला माणूस पोस्टमन असो, गॅसवाला असो की वर्गणी मागायला आलेला मंडळाचा अध्यक्ष, सत्तय्या त्याला दंडाला धरून एका रेघेवर उभा करतो.

"डोळे मिटा. नाक उगडा. येतो का?"

"काय येतो?"

"त्ये तुमी सांगायचं की! मीच सांगितल्यावर मंग तुमच्या नाकाचा उपेग काय?"

आता थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी एसटीत तीस वर्षं तिकिटं तपासली. सांगोल्याच्या रस्त्यावर भर उन्हात गाडी थांबवायची, आत चढायचं आणि साठ चेहऱ्यांतून बिनतिकिटाचा एक चेहरा हुडकायचा, ही माझी नोकरी. झोपेचं सोंग घेतलेला माणूस मी पापणीवरून ओळखतो. निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. आमची सुमन म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी पुजाऱ्याकडं संशयानं बघता." बघतो. त्यात चूक काय आहे?

वर्षापूर्वी आम्ही या गल्लीत घर घेतलं आणि शेजारी सत्तय्या निघाला. वय पासष्टच्या आसपास, अंगानं काटकुळा. अंगात बनियन, खांद्यावर कारखान्यातला टॉवेल, कानावर पेन्सिल. टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे यंत्रमागांचा मिस्त्री. नुसत्या खडखडाटावरून कुठल्या मागाचा कुठला नट ढिला झालाय ते सांगायचा म्हणे. कारखाना बंद पडला आणि हात मोकळे झाले. तेव्हापासून जे दिसेल ते तो खोलतो. "खोलल्याशिवाय कळत न्हाय," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ओळख करून घ्यायला आला त्या दिवशी आत सुमन चटणी वाटत होती. चहा हातात धरून हा कान टवकारून बसला.

"चेकर सायेब, मिक्सरचा सूर जरा बिगडलाय. खोलू का?"

"नको. चांगला चालतोय."

"चालतोय, पन सुरात न्हाय. खोलल्याशिवाय कळत न्हाय."

तेव्हापासून दर आठ दिवसांनी तो मिक्सरची चौकशी करायचा. मी त्याला स्वयंपाकघराची पायरी चढू दिली नाही.

त्याचं मुख्य काम मात्र प्लगातलं वासाचं मशीन, त्याच्या सांगण्याप्रमाणं मोगऱ्याचं. डासांच्या जुन्या मशीनचं पोट फाडून त्यात त्यानं आपली बाटली आणि वात बसवली होती. वर रेडिओचं काळं बटण. ते पिळलं की वात कमी-जास्त तापायची. त्याच्यावर पत्र्याची फिरती टोपी, म्हणजे वास कुठल्या अंगाला सोडायचा ते ठरवता येतं. बाजारातल्या मशीनबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. "त्येला दोनच गोष्टी कळत्यात, चालू आन बंद. आन एकदा चालू झालं की शेजारपाजार सगळा सुगंदी. आसं आसतंय का? वासाला बी हद्द आसती की!"

ही हद्दच मला खटकत होती. वास दुसऱ्या रेघेपर्यंत आला पाहिजे आणि तिसऱ्या रेघेवर अजिबात येता कामा नये, असा त्याचा हट्ट होता. आता मला सांगा, सुगंधाचं मशीन करणारा माणूस वास दूरवर जावा म्हणून धडपडेल की जाऊ नये म्हणून? ज्याला वास लपवायचा आहे, त्याच्याकडं लपवण्यासारखं काहीतरी असणारच.

त्यात हा स्वतः माझ्याहून संशयी. रेघेवर उभं राहण्याआधी मोबाइल काढून पिठाच्या डब्यात ठेवावा लागायचा. "फोटू काडून कंपनीला इकशीला." मशीनवर सदा टॉवेल झाकलेला. आणि माणसाच्या नाकावर तर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं मला तिसऱ्या रेघेवर उभं केलं आणि विचारलं. मला काहीच येत नव्हतं, पण शेजारधर्म म्हणून मी म्हणालो, "वा, मोगरा! छान येतोय."

सत्तय्यानं टॉवेल उचलला. मशीन प्लगात नव्हतंच. ते त्याच्या खिशात होतं.

तीस वर्षं मी लोकांना पकडलं, आणि असा बिनतिकीट सापडलो. त्यानं कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहिलं आणि मला वाचूनही दाखवलं: "चेकर सायेब, नाक भरवशाचं न्हाय." सुमनचं नाक मात्र त्याच्या परीक्षेत पास झालं. ती हे अजून माहेरच्या प्रत्येक कार्यात सांगते.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नीट नजर ठेवली. मनात राग नव्हता असं म्हणणार नाही.

पहिला मुद्दा, बायको. आम्ही राहायला आल्यापासून ती दिसली नव्हती. विचारलं तर, "पुन्याला. लेकाकडं," एवढं बोलून हा स्क्रूकडं वळायचा. दुपारी फोन आला की आतल्या खोलीत जाऊन तेलुगूत हळू बोलायचा. मला तेलुगू येत नाही, त्यामुळं प्रत्येक शब्द मला संशयास्पद वाटायचा.

दुसरा मुद्दा, गुरुवारची बाई. दर गुरुवारी एक बाई यायची, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी द्यायची आणि उभ्या उभ्या निघून जायची. रेघ नाही, नाक नाही, पाणीसुद्धा नाही. एका गुरुवारी ती गेल्यावर सुमन अंगणात थबकली.

"अहो, तंबाखूचा वास येतोय. आणि ओल्या पाल्याचा."

तंबाखू! सत्तय्या तर सुपारीसुद्धा खात नाही. तोंडात तंबाखू धरलेल्या भाजीवाल्याला तो म्हणतो, "आदी थुका, मंग वांगी मोजा." माझ्या डोक्यात सगळं जुळलं. मोगऱ्याचं मशीन हे सोंग. घरात बंदी असलेला गुटखा तयार होतोय, त्याचा वास गल्लीत जाऊ नये म्हणून हे हद्दीचं खूळ. आणि बायको बिचारी हे सहन न होऊन निघून गेली.

सुमन म्हणाली, "उगीच तोंडघशी पडाल." मी म्हणालो, "तू फक्त पंच म्हणून चल."

पुढच्या शनिवारी भर दुपारी आम्ही गेलो. त्यानं खडू उचलला. मी म्हणालो, "खडू राहू द्या. गुरुवारी येतं ते गोणपाट दाखवा." हा आवाज मी नोकरीत असताना वापरायचो. माणसं निमूट खिसे उलटे करायची.

सत्तय्यानं खडू खाली ठेवला. मग आत गेला आणि गोणपाट आणून माझ्यासमोर उलगडलं. आत विडीची पानं होती, ओली. पानांखाली एक कात्री आणि पान कापायचं पत्र्याचं माप, वापरून वापरून कडा झिजलेलं.

"बालामनीचं हाय," तो म्हणाला. बालामणी म्हणजे त्याची बायको. "चाळीस वर्सं विड्या वळल्या तिनं. ह्या हितं उंबऱ्यात बसून. लेकाचं शिक्षान त्यातच झालं. पान देती ती बाई तिची मैतरीन."

मी खाली बसलो. सुमन आधीच बसली होती.

मग एकेक कळत गेलं. पुण्याला मुलगा-सून दोघं नोकरीला. नात दीड वर्षाची, तिला सांभाळायला बालामणी गेली. चाळीस वर्षं जिच्या उशाशी ओल्या पानांचं गोणपाट होतं, तिला त्या कोऱ्या घरात झोप लागेना. तिनं सोलापुरातून थोडी पानं आणि तंबाखू फडक्यात बांधून नेली, उशीखाली ठेवली. सुनेला वास आला.

"सून गुनाची हाय. कायबी बोलली न्हाय. नुस्ती खिडकी उगडली. पन आमच्या हिला लई लागलं. पुडी टाकून दिली तिनं. तवापास्नं रातभर जागी." तो रेघांकडं बोट दाखवत म्हणाला, "ही पयली रेघ तिची उशी. दुसरी, कॉटचा काठ. तिसऱ्या रेघेवर नातीचा पाळना. तितं वास जायला नको. तंबाखू काडून टाकली मी, लेकराच्या नाकाला नको. नुस्तं पान ठिवलंय, तेलात मुरवून. मोगरा बिगरा लोकांस्नी दाखवायला. घरातलं कशाला सांगायचं?"

"मग तुम्हीच का जात नाही पुण्याला?" सुमननं विचारलं.

"गेलतो की. तिसऱ्या दिवशी लिफ्टचं बटन खोललं. चवथ्या दिवशी लेकानं गाडीत बसवलं."

आम्ही हसलो, तोही हसला. मग त्यानं टॉवेल काढला आणि मशीन प्लगात लावलं. या वेळी मला बघूही दिलं. सुमन दुसऱ्या रेघेवर उभी राहिली, मी तिसऱ्या.

"ती म्हनती, दिवाळीपत्तूर कड काडते, मंग परत येते. झोपच न्हाय तर ऱ्हाऊन काय करू म्हनती," बटण पिळता पिळता सत्तय्या बोलत होता. "आता बगा. ताई, येतो?"

"येतो," सुमन म्हणाली. "ओलं पान. अगदी तसंच."

"चेकर सायेब?"

मी श्वास ओढला. पुन्हा ओढला. काहीही नव्हतं. आणि तेव्हा, डोळे मिटलेले असतानाच, माझ्या ध्यानात आलं की हे मशीन नीट चाललं तर बालामणीला पुण्यात झोप लागेल. झोप लागली की तिला परत यायचं कारणच उरणार नाही. आपली बायको आपल्यापासून लांब सुखानं राहावी, यासाठी हा माणूस वर्षभर फरशीवर रेघा ओढत होता.

"येतो," मी म्हणालो. "तिसऱ्यावर अजून येतोय, सत्तय्या. बरंच काम बाकी आहे."

मी डोळे उघडले तर तो माझ्याकडंच बघत होता.

"खोटं."

"नाही, खरंच—"

"हुळीपास्नं तिसऱ्यावर येत न्हाय, सायेब. मला ठावं हाय." तो कॉटवर टेकला. "मशीन कवाच झालंय. तरी मी म्हनायचो, पोस्टमनचं नाक बरं न्हाय, गॅसवाल्याला सर्दी हाय. कुनीतरी येतो म्हनंल आन अजून आठ दिवस जातील, म्हून मानसं हुबी करत हुतो. कुनी म्हनलं न्हाय. आज तुमी म्हनलात. आन ऐकून माझीच मला लाज वाटली. ती तितं छताकडं बगत पडती, आन मी हितं खडू घिऊन बसलोय."

त्यानं मशीन काढलं, नव्या टॉवेलात गुंडाळलं. बटण कुठं ठेवायचं तिथं पेन्सिलीनं खूण केली. सुमननं घरी जाऊन शेंगाचटणीचा डबा आणला. संध्याकाळी मी स्वतः स्टँडवर जाऊन, रीतसर पावती फाडून, पार्सल पुण्याला लावलं.

पाचव्या दिवशी सत्तय्या आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"झोपली," तो म्हणाला. "सात वाजले तरी उठंना. नातीनं उठवलं."

"आणि सूनबाई?"

"तिला कळलंबी न्हाय!" असा अभिमान मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"दिवाळीचं काय म्हणाल्या?"

"काय न्हाय म्हनली," तो म्हणाला, आणि मिक्सरबद्दल न विचारताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रेघा पुसल्या. पोस्टमन सवयीनं आत जाऊन डोळे मिटून उभा राहिला, तर सत्तय्यानं नुसती सही केली आणि त्याला जायला सांगितलं. गल्ली आठवडाभर सुनी सुनी वाटली. मी कट्ट्यावर बसून त्याच्या दाराकडं बघायचो. संशय घ्यावा असं तिथं काही घडतच नव्हतं.

शेवटी मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावरचा मिक्सर उचलला. सुमन म्हणाली, "अहो, आत्ताच चटणी केली त्यात. चांगला आहे तो." मी म्हणालो, "तू गप बस."

सत्तय्या कॉटवर बसला होता. मी मिक्सर त्याच्यापुढं ठेवला.

"बिघडलाय," मी म्हणालो.

त्यानं पिन लावली. बटण दाबलं. मिक्सर असा चालला की दुकानातला नवासुद्धा तसा चालला नसता. सत्तय्यानं तो बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. खोटं बोलणारा माणूस त्यानं आजवर कधी सोडलेला नव्हता, आणि मी तर दोनदा सापडलेला गुन्हेगार. मी वही कुठं आहे ते बघून ठेवलं.

त्यानं पुन्हा बटण दाबलं, कान जवळ नेला, डोळे मिटले.

"व्हय," तो म्हणाला. "येतोय जरा आवाज."

मग त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सरकून मला कॉटवर बसायला जागा केली.