परकारचाचा आणि न जुळणारं गाव

माल कमी भरला म्हणून पेटी परत पाठवणारे स्टोअरकीपर मी पुष्कळ पाहिलेत. अख्खं गाव परत पाठवायला निघालेला एकच पाहिला. आमचे परकारचाचा.

सौदी अरेबियात रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा अवाढव्य कारखाना आहे. त्याच्या एका कंत्राटदाराकडे मी प्लॅनिंगमध्ये आणि चाचा स्टोअरमध्ये. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. सौदीत सव्वीस वर्षं झाली. उंची बेताची, दाढी पांढरी आणि कातरलेली, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि मोजायची टेप. दहा बोल्टांच्या पिशवीत नऊ निघाले तर चाचा चिडत, आणि अकरा निघाले तर त्यांची झोप उडे. जास्तीचा अकरावा म्हणजे जगात कुठेतरी कुणाचा तरी एक कमी झाला, हे त्यांना सहन होत नसे. तोंडी सतत एकच शब्द, टॅली. मेसच्या बिर्याणीत बटाटा नसला की 'टॅली नाय'. हवामानवाल्यांनी सांगितलेलं धुळीचं वादळ आलं नाही, तरी 'टॅली नाय'.

आता गावाचं सांगतो. चाचांची एकुलती मुलगी नाझिमा इंग्लंडमध्ये नर्स आहे. विंटलबरी नावाच्या, शेकडो वर्षं आठवडी बाजार भरणाऱ्या एका जुन्या गावात राहते. चाचांनी एकदा तिला विचारलं, तुझं गाव दिसतं कसं? तिने मोबाइलवर चार फोटो पाठवले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण पोरगी हौशी. तिने तिथल्या चित्रकारांनी काढलेलं कॅलेंडर पाठवलं. बारा महिने, बारा आधुनिक चित्रकार, आणि प्रत्येकाने रंगवलेला तोच एक बाजारचौक.

चाचांनी पाकीट फोडलं आणि सवयीने माल तपासायला घेतला. एकाच वस्तूचे बारा नग. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

बाजाराची जुनी इमारत खांबांवर उभी आहे. जानेवारीत खांब आठ, मार्चमध्ये सहा, मे महिन्यात एकही नाही, इमारत तरंगतेय. घड्याळाचा मनोरा एप्रिलमध्ये डावीकडे, सप्टेंबरमध्ये उजवीकडे, ऑगस्टमध्ये आडवा. चर्चचा मनोरा जानेवारीत आहे, फेब्रुवारीत गायब. ऑक्टोबरात चौकात एक जांभळी गाय. आणि जूनमध्ये फक्त दोन नारिंगी पट्टे, एक करडा डाग, खाली नाव, 'बाजाराचा दिवस'. या जूनला चाचा दर शुक्रवारी पाव फेरा फिरवून टांगत. न जाणो, चुकीच्या बाजूने उघडला असेल.

मी त्यांना समजावलं की ही आधुनिक कला आहे, चित्रकाराला जे वाटतं ते तो काढतो.

"वाटायला काय ओ, कुणाला काय पण वाटेल," चाचा म्हणाले. "माल दिसायला पाहिजे."

मग इंटरनेटवर बघून खात्री करा, म्हटलं. तर माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू मी न मोजता सही करायला सांगितलं. फोटोवाला एक बटण दाबून चालता होतो, हे बारा जण तिथे स्टूल टाकून दिवसचे दिवस बसलेत. बारा साक्षीदार खोटे आणि एक मोबाइल खरा, हा कुठला न्याय?

इथवर सगळी गंमत होती. पण दोन महिन्यांत चाचांची नोकरी संपणार होती. साठी उलटलेली, फायनल एक्झिटचे, म्हणजे सौदी कायमची सोडण्याचे कागद हललेले. बायको तीन वर्षांपूर्वी गेली, गावाकडच्या घराला कुलूप. नाझिमा रोज फोनवर सांगत होती, अब्बा, आता माझ्याकडे या, सहा महिने राहा, मग पुढचं बघू. आणि अब्बांचं रोजचं उत्तर ठरलेलं. गाव टॅली झाल्याशिवाय येणार नाय.

शेवटी तिने मला फोन केला. "काका, तुम्ही तरी बोला ना त्यांच्याशी. मी त्यांच्यासाठी खोली रंगवतेय. कुठला रंग देऊ विचारलं, तर म्हणाले, आधी घड्याळ कुठल्या बाजूला आहे ते सांग."

"मग सांगून टाकायचं."

"सांगितलं. स्टेशनकडून आलं तर डावीकडे, पुलावरून आलं तर उजवीकडे. तर म्हणाले, बघ, तू पण दोन-दोन सांगतेस."

चाचांनी मग रीतसर मार्ग धरला. कॅलेंडरच्या मागे चित्रकारांच्या मंडळाचा पत्ता होता. त्यावर आमच्या स्टोअरच्या पद्धतीने तुटीचा अहवाल गेला. इंग्रजी माझं, संताप त्यांचा. खांब, कमी दोन. चर्चचा मनोरा, फेब्रुवारीत पोचलेला नाही. गाय, रंग मागणीप्रमाणे नाही. कृपया खुलासा करावा.

मला वाटलं, अहवाल टोपलीत जाईल. पण इंग्रज म्हातारे आमच्याहून रिकामटेकडे. पंधरा दिवसांत दोन उत्तरं आली. जांभळ्या गाईवाल्या बाईंनी कळवलं की गाय त्या संध्याकाळी खरोखर तशीच दिसत होती आणि चौकशीबद्दल गाय आभारी आहे. फेब्रुवारीवाल्या गृहस्थांनी लिहिलं, चर्चचा मनोरा मला त्या दिवशी आवडला नाही, म्हणून गाळला.

हे वाचून चाचा स्टोअरभर फिरले. आवडला नाही म्हणून गाळला? उद्या आपण एखादा व्हॉल्व्ह आवडला नाही म्हणून गाळला तर अर्धा रियाध तहानलेला राहील. पण रागाचा भर ओसरल्यावर ते पत्र त्यांनी नीट घडी घालून पाकिटात ठेवलं. खोटं बोलला नाही माणूस, असं म्हणाले.

पुढची पायरी म्हणजे मॉडेल. स्टोअरमागच्या रिकाम्या कंटेनरमध्ये चाचांनी विंटलबरी बांधायला घेतलं. बाद झालेल्या गॅस्केटांचे रस्ते, पॅकिंगच्या लाकडाची घरं, तुटक्या पाइपांचे खांब. कुठल्याही साक्षीदारावर अन्याय नको म्हणून बाराही चित्रांतलं सगळं घेतलं. परिणामी गावात घड्याळाचे तीन मनोरे झाले, त्यातला एक झोपलेला. बाजाराची इमारत आठ खांबांवर उभी, आणि शेजारी तिचीच प्रत छताला तारेने टांगलेली. गाय अर्धी जांभळी, अर्धी तपकिरी, तडजोड म्हणून. चर्चच्या मनोऱ्याची जागा मात्र फेब्रुवारीचा वाद मिटेपर्यंत रिकामी.

नेमकी त्याच आठवड्यात मुख्य कचेरीतून तपासणी आली. पांढऱ्याशुभ्र थोबातले, पायघोळ झग्यातले एक बडे सौदी साहेब कंटेनरच्या दारात थबकले. कंपनीच्या भंगारातून उभारलेलं परदेशी गाव, याचा खुलासा कुठल्या रकान्यात करायचा? साहेबांनी तरंगत्या इमारतीकडे बराच वेळ निरखून पाहिलं. या देशात वाळवंटात रोज एखाद्या नव्या शहराचं मॉडेल निघतं. त्यांनी आदराने विचारलं, हा कुठला प्रकल्प, आणि दुसरा टप्पा कधी?

"सेकंड फेज पेंडिंग, सर," चाचा म्हणाले. "चर्च का टॉवर नहीं आया."

साहेबांनी मान डोलावली, पुरवठादाराला कडक पत्र लिहायला सांगितलं, 'यल्ला', चला, म्हणाले आणि पुढे गेले. तपासणीत आमच्या स्टोअरला उत्तम शेरा मिळाला.

मात्र दिवस सरत होते. नाझिमाने स्वतःच खोबर शहरातल्या व्हिसा केंद्रात रविवारची वेळ घेतली. अर्ज त्याआधी ऑनलाइन भरायचा होता, म्हणून शुक्रवारी जुम्म्याची नमाज उरकल्यावर मी लॅपटॉप घेऊन कंटेनरमध्ये ठाण मांडलं. चाचा आडव्या मनोऱ्याला सरस लावत होते.

मी पासपोर्ट मागितला, तर म्हणाले, जून अजून क्लिअर नाय. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना मागितला, तर खांबांचा विषय काढला. बँकेचा कागद मागितला, तर गाय. माझा आवाज चढला. मी म्हटलं, चाचा, ती पोर तिकडे हातात ब्रश घेऊन भिंत रंगवतेय. तिच्या गावाने तुमचं काय घोडं मारलंय?

चाचांनी सरसाची बाटली बंद केली. टोपण नीट बसलंय का, दोनदा बघितलं.

"गावाचं काय नाय ओ, भाऊ. गाव कसं पण असूं दे." ते पेटीवर बसले. "मला सुट्टी मिळायची चाळीस दिवस. दर वर्षी चाळीस. नाझिमा लहान होती तेव्हा पहिले दहा दिवस लाजायची. पुढचे वीस गळ्यात पडलेली. शेवटचे दहा बोलायची नाय, कारण मी निघणार. मी तिच्यावर कधी ओरडलो नाय. ती मला कधी उलटून बोलली नाय. वेळच कुठं होता? चाळीस दिवस बाप लय चांगला असतो ओ. एक्केचाळिसाव्या दिवशी मी कसा असतो, मलाच माहीत नाय. तिला कुठनं माहीत असणार?"

मी लॅपटॉप मांडीवरून बाजूला ठेवला.

"तिनं मागवलाय एक," चाचा म्हणाले, "आणि पोचला भलताच, तर? परत कुठं पाठवणार?"

बाहेर समुद्राकडून वारा सुटला होता आणि कंटेनरचा पत्रा अधूनमधून खडखडत होता. मी लॅपटॉप पुन्हा ओढला आणि अर्ज भरत राहिलो. नाव, जन्मगाव, वडिलांचं नाव. आता ते एकेक कागद न मागता पुढे करत होते. मुक्कामाचा पत्ता त्यांनी तोंडपाठ सांगितला, पिनकोडसकट.

पोचण्याची तारीख टाकली. खाली परतीचा रकाना आला. मी म्हटलं, सहा महिने टाकतो, ती तसंच म्हणतेय.

"थांबा."

चाचा बोटांच्या पेरांवर मोजू लागले. ओठ हलत होते. एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग एक तारीख सांगितली. ती टाकताना मीही मनात हिशेब केला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"एक्केचाळीस होतात, चाचा."

"हां." ते उठले, शर्ट झटकला. "एक दिवस बघूया."

मी अर्ज पाठवला. नाझिमाला कळवायला फोन हातात घेतला, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तिला सांगा, येतोय. दिवस किती, ते सांगू नका," म्हणाले. "लहानपणापासून मोजायची सवय आहे तिला."