बेडूक, पोळ्या आणि शेगावची एसटी

"शास्त्राचा पहिला नियम! आधी निरीक्षण, मग धावपळ!" डॉ. प्रसेनजितने सकाळी चहा पिता पिता आईला ऐकवलं. जनकाबाईंनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी मान वर न करता कणीक मळणं चालू ठेवलं.

प्रसेनजित साप-बेडकांचा शास्त्रज्ञ. अख्ख्या मोताळ्यात त्याला 'सापवाला डॉक्टर' म्हणत, आणि घरी आलेला पाहुणा बसण्याआधी गादी उचलून पाही! पण आज त्याची छाती फुगली होती. तीन वर्षं राजूर घाटात चिखल तुडवल्यावर त्याला सुपारीएवढा एक बेडूक सापडला होता, कुठल्याही पुस्तकात नसलेला! दुपारी चारला अमरावतीहून विद्यापीठाचे चंद्रशेखर सर तो पाहायला येणार होते. सरांना बेडूक दिसला तर संशोधन पुढे चालू, नाही दिसला तर कायमचं बंद. इतकं सरळ!

येताना त्याची प्लास्टिकची बरणी फुटली होती. म्हणून घरी येताच त्याने ओल्या फडक्यासकट बेडूक ठेवला ओट्यावर हाताशी आलेल्या एका स्टीलच्या डब्यात. डबा शेजारच्या सुभद्राकाकूंचा होता, चार दिवसांपूर्वी पुरणपोळ्या घेऊन आलेला.

आंघोळ करून प्रसेनजित बाहेर आला. ओट्यावर डबा नाही!

"आई, डबा कुठं हाय?"

"काकूले देल्ला. शेगावले चालली ना ते दर्शनाले."

"रिकामा देल्ला?"

"रिकामा कसा देईन बे? लोकाचा डबा कोनी रिकामा देते का? अरे, पन तो तुया..."

पुढचं ऐकायला प्रसेनजित घरात होताच कुठे! मोबाइल चार्जिंगला, शर्ट उलटा, आणि गाडी नांदुऱ्याच्या रस्त्याला. त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: काकू भूक लागली म्हणून डबा उघडतात, पोळी समजून फडकं सोडतात, आणि तीन वर्षांची मेहनत टुणकन उडी मारून खिडकीबाहेर!

नांदुऱ्याच्या अलीकडे त्याने एसटी गाठली. गाडी आडवी लावून तो आत चढला आणि ओरडला, "काकू! डबा उघडू नका! जिवंत हाय त्यात!"

कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिकिटाचं मशीन छातीशी धरून तो मागे सरकला. "अरे बाप्पा! हा त मोताळ्याचा सापवाला!"

झालं! पुढच्या दाराला गर्दी, मागच्या काचेतून उड्या! एका आजोबांनी तर काठी आतच टाकली आणि पोराच्या चपळाईने बांधावर जाऊन उभे राहिले. "बेडूक हाय हो, बेडूक!" प्रसेनजित बेंबीच्या देठापासून ओरडत होता. ऐकतंय कोण!

आत उरल्या एकट्या सुभद्राकाकू. मांडीवर डबा, हातात अर्धी पोळी.

"उघडला ना बापा म्या कवाचाच," त्या म्हणाल्या. "पोया अन् ठेचा हाय. खातं का?"

"अन् उडी मारनारं काही नव्हतं?"

काकूंचा घास तोंडातच थांबला. "काऊन रे? काय खाल्लं म्या?"

प्रसेनजित गुडघ्यांवर आला. प्रत्येक बाकाखाली शिरला. शेंगांची टरफलं मिळाली, एक चप्पल मिळाली, आजोबांची काठी मिळाली. बेडूक नाही! आता मात्र त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

"सापडला का?" बाहेरून कंडक्टर.

"नाही."

"मंग आमी नाई चढत!" बाहेरून अख्खी एसटी.

मागे ट्रॅक्टर, जीपा, हॉर्नचा कल्लोळ. शेवटी प्रसेनजितने आयुष्यातली पहिली खोटी नोंद केली. रिकामा रुमाल मुठीत घट्ट धरून तो उतरला. "सापडला!" लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून त्याला वाट करून दिली. एका बाईने तर हात जोडले.

पडलेल्या चेहऱ्याने तो घरी आला. सरांना काय सांगायचं याचा विचार करत उंबऱ्यातच बसला. तेवढ्यात न्हाणीतून आवाज आला.

ट्रूक! ट्रूक!

न्हाणीत बादली, बादलीवर चाळणी, चाळणीवर पाटा. आणि आत ओल्या फडक्यावर महाराज मजेत बसलेले!

"दुसऱ्याच्या डब्यात बेडूक ठिवते का कोनी?" जनकाबाई कडाडल्या. "बादलीत टाकला त्याले. डबा तीनदा घासला, पोया भरल्या, मंग देल्ला. सांगतच होती तुले, पन तू थांबतं कुठं!"

प्रसेनजितने उचललेली चाळणी घाईघाईने परत झाकली आणि वर पाटा ठेवला. त्याला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने आईचे कणकेचे हात धरून कपाळाला लावले. एवढं सुटल्यासारखं त्याला पदवी मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं!

चारला सर आले. बेडूक ओरडला. सर खूश! "वेगळाच आहे हा! काम चालू ठेवा. आणि एवढ्या शांतपणे सांभाळलात, हे विशेष."

"सर, आधी निरीक्षण, मग धावपळ," प्रसेनजित म्हणाला.

स्वयंपाकघरात जनकाबाईंना जोराचा ठसका लागला.

बाकी सगळं ठीक आहे. फक्त शेगावच्या एसटीत तो चढला की कंडक्टर तिकिटाआधी म्हणतो, "डॉक्टरसाहेब, रुमाल झटकून दाखवा!"