हिराजीचा वालपेपर

मागच्या थंडीत आमच्या हिराजीच्या घरी चहाची किटली माकडटोपी घालायची. किटली गॅसवरून उतरली की हिराजी स्वतःची तपकिरी टोपी तिच्या डोक्यावर चढवायचा, कानाकडून नीट खाली ओढायचा आणि तोंडाच्या भोकातून किटलीची चोच बाहेर काढायचा. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकायचा. टोपीतून वाफ निघत असायची, वाटायचं कोणी म्हातारा ओट्यावर बसून बिडी ओढतोय.

"कॉटेजमधी चाय अशीच झाकतात," हिराजी सांगायचा. त्याच्या प्रत्येक गोष्टीचा शेवट त्या वर्षी कॉटेजमध्ये व्हायचा.

हिराजी माझा साडू. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, खांब गावच्या. थोरली चांगुणा त्याची, धाकटी हौसा माझी. आमचं गाव कासू स्टेशनावरून खाडीच्या अंगाला. मी जन्मभर मिठागरावर होतो. शाळा चौथीपर्यंत केली, पुढे शाळेचं आणि माझं जमलं नाही. चूक शाळेची. हिराजी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्ट करायचा, त्यामुळे चार इंग्रजी शब्द त्याच्याजवळ होते. तेच तो फिरवून फिरवून वापरतो.

आता खरी गोष्ट. चांगुणा घरात नव्हती. वालाच्या काढणीला भावाला मदत करते म्हणून ती खांबला गेली ती तिथेच राहिली. पुढचं पीक शेतात उभं राहिलं तरी परत आली नाही. गावात कोणी विचारलं की हिराजी मान वर करून सांगायचा, "भावाला गरज हाय तिची." आणि घरात जाऊन स्वतःच्या हाताने पिठलं करपवायचा.

गरज भावाला नव्हती. भांडण लोण्याचं होतं. खाण्याचं लोणी नव्हे, भिंतीचा लोणा. आमच्याकडे जमिनीतलं मीठ भिंतीत चढतं. गिलावा फुगतो आणि त्याची पांढरी भुकटी दिवसभर गळत राहते. अंथरुणावर, भांड्यांवर, भातात. चांगुणा सगळा संसार ती भुकटी झाडत राहिली. जाताना ती दारात उभी राहून बोलली ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"आख्खा जन्म मिठात काढला. माजं लोणचं झालं. आता घर घरासारखं दिसल तवा बोलवा."

हिराजी म्हणाला, "जा की. कोन अडवतंय?"

ती गेली. आणि हिराजी मोबाईल घेऊन बसला.

मोबाईलमध्ये त्याला एक पोरगी सापडली, पुण्याकडची असावी, फार शुद्ध बोलायची. ती घरं सजवायला शिकवते. इंग्लंडमध्ये गावाकडे कशी छोटी घरं असतात, त्यांना कॉटेज म्हणतात, उतरतं छप्पर, बुटकं दार, लहान खिडक्या, असं ती दाखवत होती. हिराजीने मला हाक मारून बोलावलं.

"बघ! हा आपलाच घर हाय. उतरता कौल हाय, दार बुटका हाय, खिडकी लहान हाय. आपन कॉटेजमधीच रायतो, आपल्यालाच म्हाईत नव्हता."

हे मात्र मला पटलं. गावात सगळ्यांनी स्लॅब टाकले, हिराजीने टाकला नव्हता. लोक त्याला मागासलेला म्हणायचे. आता तो एका रात्रीत इंग्लंडचा झाला.

पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांना कॉटेज म्हणजे सरकारी दवाखाना. हिराजी घराचं कॉटेज करतोय हे कळल्यावर शेजारची म्हातारी खोकला दाखवायला आली. त्याने तिला टोपीवाल्या किटलीतला चहा पाजला. खोकला थांबला म्हणते.

दुसरा शब्द 'कोजी'. ती पोरगी म्हणायची, घर कसं छान कोझी वाटलं पाहिजे. हिराजी उठता बसता "कोजी, कोजी" करायला लागला. आमची हौसा म्हणाली, "भावोजी, कोजागिरी कवाच झाली. आता पुढल्या साली." हिराजीने तिच्याकडे अडाणी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

आणि तिसरा शब्द, ज्याच्यापायी ही सगळी कथा घडली, तो वालपेपर. पोरगी एका भिंतीपुढे उभी होती. भिंतीवर हिरवा वेल, पानं, फुलं. ती म्हणाली, इथे आपण वॉलपेपर लावला आहे. हिराजीचे डोळे मोठे झाले.

"वालाचा कागद भेटतो?"

आता पेण-रोह्याच्या माणसाने वाल म्हटल्यावर दुसरं काय समजावं? वाल म्हणजे वाल. बिरड्याचा, मडक्यातल्या पोपटीचा. त्याचा वेल छापलेला कागद तो वालपेपर. मला विचाराल तर यात चुकीचं काही नाही. चूक असेल तर शब्द ठेवणाऱ्याची.

आम्ही दोघे पेणला गेलो. दुकान काचेचं, आत थंड हवा. दुकानदार बाई बोलायला चांगली होती. तिने मोठाली पुस्तकं काढली, एकेक पान म्हणजे एकेक कागदाचा नमुना. गुलाब, नेचे, केळीची पानं, फुलपाखरं, पोपट.

हिराजी प्रत्येक पानावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "शेंग कुठं हाय?"

"कसली शेंग, काका?"

"वालाची."

"वालाची कशाला?"

"मंग वालपेपर कशाला बोलता?"

बाई आधी हसली, मग हसू आवरून तिने समजावलं की वॉल म्हणजे भिंत. भिंतीवर लावतात म्हणून वॉलपेपर.

हिराजीने पुस्तक मिटलं. मला वाटलं, आता हा उठणार. पण तो मागे हटणाऱ्यातला नाही, म्हणून तर आमचं जमतं. "बरा," तो म्हणाला. "भिंतीला इंग्रजीत वाल. मंग वालाला इंग्रजीत काय?"

बाई जरा अडखळली. "बीन्स म्हणतात बहुतेक."

"झाला तर! बीनपेपर दावा."

दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आमच्याकडे बघत होती. एक साहेब तर सरळ हसत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुलाब बघायला लागला.

बाईने कंटाळा केला नाही. तळातून एक पुस्तक काढलं, त्यावर धूळ होती. "हे इंग्लिश कॉटेजचं बोटॅनिकल कलेक्शन आहे. जुनं आहे, पण बघा." तिने पान उलटलं आणि हिराजी खुर्चीतून उठलाच. हिरवा नाजूक वेल, जांभळी गुलाबी फुलं आणि मध्ये मध्ये, खरंच, शेंगा.

"ह्याला काय बोलतात?"

"स्वीट पी."

"स्वीट म्हंजे गोड ना?" हिराजीने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "ऐकलास? आपला कडवा वाल. त्यांचा गोडा वाल. पर वालच!"

कडवा आणि गोडा, दोन्ही वाल असतात हे पेणच्या बाजारात कोणीही सांगेल. मी मान हलवली. बाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण हिराजीचा चेहरा बघून तिने ते मिटलं. चांगल्या घरची बाई.

कागदाच्या गुंडाळ्या घेऊन आम्ही घरी आलो. मी तेव्हाच सांगितलं होतं, लोण्यापुढे कागद टिकणार नाही. मिठाला मी ओळखतो. हिराजी म्हणाला, "कॉटेजमधी टिकतो." मी म्हणालो, "त्यांच्या कॉटेजच्या पाठी मिठागर नसल." त्याने ऐकलं नाही. मैद्याची खळ शिजवली आणि पहिली पट्टी भिंतीला लावली. दोन-चार दिवसांनी आम्ही तिथेच जेवायला बसलो असताना ती पट्टी वरून सुटली आणि अलगद हिराजीच्या डोक्यावरून आमटीच्या वाटीत उतरली.

हौसा म्हणाली, "भावोजी, वाल आमटीत बरा लागतो, पर सोलून."

हिराजी हसला नाही. त्याने पट्टी उचलली, लुंगीने पुसली, आमटीचा डाग जाईना तेव्हा थुंकी लावून पुसली. मग ती परत भिंतीला धरून बघितली. ते बघून मी जेवता जेवता उठलो. भिंतीला कागद लावायचाच नाही, भिंतीपासून दोन बोटं सोडून लाकडी पट्ट्या मारायच्या, त्यावर प्लायवूड ठोकायचं आणि प्लायवूडवर कागद. मीठ भिंतीतच तडफडत बसेल. ही युक्ती माझी. गावात हिराजी ती स्वतःची म्हणून सांगतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

एकाच भिंतीपुरता कागद होता. खिडकीजवळची भिंत, चांगुणाच्या खाटेसमोरची. लावताना हिराजी खाली वाकून, खाटेवर आडवा होऊन, परत उठून बघायचा.

"काय चाललाय तुजा?"

"शेंग डोळ्यासमोर आली पायजे. सकाळी डोळा उघडला का पयली शेंग."

"शेंगच कशाला? फूल चालल ना."

तो खाटेवर आडवाच राहिला. वर कौलाकडे बघत बोलला. "लग्नाच्या पयल्या वर्षी तिनं म्हायेराहून वाल आणला होता, पदरात बांधून. पाठल्या अंगणात पेरला. कोंब आलं. रोज मला हात धरून दावायला न्यायची. मंग खारा पाणी लागला, सगळं पिवळं झालं. ती रडली. मी बोललो, रडतंस काय गो, पुढल्या साली होतील. पुढल्या साली पन गेलं. मंग तिनं कवा पेरला नाय." मग भिंतीकडे वळून तो म्हणाला, "मी बोललो होतो ना, होतील म्हनून."

मी खिळे ठोकत राहिलो. अशा वेळी खिळे ठोकणं बरं असतं.

भिंत झाली. आता चांगुणाला आणणार कोण? हिराजी फोन करायला तयार नव्हता. मीही सांगणार नव्हतो, साडू असलो तरी मला मान आहे. शेवटी हौसाने फोन उचलला. "बाय, पोपटी लावायची हाय. वाल नाय आमच्याकडं. घेऊन ये गो. सांजच्याला परत जा."

चांगुणा आली. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, काखेत भांबुर्ड्याचा पाला. मडक्यात तोच पाला घालून आम्ही पोपटीच्या शेंगा शिजवतो, त्याशिवाय पोपटीला वास नाही. तिने पिशवी ओटीवर ठेवली आणि आत गेली. आम्ही तिच्या मागे. हिराजी सर्वांत मागे.

ती भिंतीसमोर उभी राहिली. जवळ गेली. नाक लावावं इतकी जवळ.

"ह्यो काय?"

"वाल," हिराजी म्हणाला. "इंग्लंडचा. गोडा."

"ह्यो वाल?" चांगुणाने वेलाच्या टोकाच्या गुंडाळलेल्या तंतूवर बोट ठेवलं. "वालाला असं कुरळं केस असतात? आनि शेंग बगा मेली, लोंबतंय. वालाची शेंग मान वर करून उभी रायते. वाटाना हाय ह्यो! खांबची बायको करून एवढी वर्सं वाल खाल्लात, आनि वाटाना वळखता येत नाय?"

हिराजी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. एवढा उतरलेला तो कंपनीतून निवृत्त झाला तेव्हाही दिसला नव्हता.

"कॉटेजमधी असाच असतो," तो हळूच म्हणाला.

पोपटी झाली. मडकं फोडलं, शेंगा वाटल्या. जायची वेळ झाली तशी हौसा म्हणाली, थंडी पडली, सकाळी जा. चांगुणाने पिशवीची घडी घातली आणि हातातच धरून बसली.

सकाळी मी चहाला गेलो, उगाच नव्हे, काय होतंय ते बघायला. आमच्याकडे थंडीत खाडीवरून धुकं येतं. खिडकी उघडी राहिली होती आणि वालपेपरला घाम फुटला होता. पानापानावर पाण्याचे बारीक थेंब. हिराजी फडकं घेऊन घाईघाईने पुसत होता.

"ओल नाय गो ही. लोणा नाय. भिंतीची नाय ही ओल, साडूला इचार. आता सुकल. आता..."

चांगुणा खाटेवर उठून बसली होती. तिने समोरचं एक पान बोटाने निपटलं आणि बोट बघितलं. मग आणखी एक.

"पुसू नका," ती म्हणाली.

हिराजीचा हात थांबला.

"भात कापल्यावर वाल पेरतात. मंग पाऊस नाय, पानी नाय. वाल दवावर होतो." ती भिंतीकडेच बघत होती. "दव पडलाय त्याच्यावर. राहू दे."

"पर तू बोललीस वाटाना..."

"तो वाटानाच हाय," ती म्हणाली. "त्यो पन दवावर होत आसल."

मग ती उठली. उशाशी ठेवलेली पिशवी तिने दारामागच्या खिळ्याला अडकवली, तिच्या जुन्याच खिळ्याला. स्वयंपाकघरात गेली. तिथे ओट्यावर किटली टोपी घालून बसली होती. चांगुणाने तिच्याकडे क्षणभर बघितलं, टोपी उपसून काढली, झटकली आणि बाहेर येऊन फडकं धरून उभ्या असलेल्या हिराजीच्या डोक्यावर चढवली. कानावरून नीट खाली ओढली.

"थंडी मान्साला वाजते," ती म्हणाली. "किटलीला नाय."

तेव्हापासून किटली बोडकीच असते. चहा जरा लवकर गार होतो. कोणाची तक्रार नाही.