बोरकुट्यांची कमान

पुंडलिकराव बोरकुटे यांच्या फोन तपासण्याच्या वहीत एका पानावर 'आपोआप' असा शब्द लिहिलेला आहे. अक्षर त्यांचे आहे; पाप माझे आहे. दहा वर्षांहून अधिक काळ मी तो शब्द त्या पानावर निवांत पडू दिला. याच काळात आमच्या इमारतीच्या फलकावर, सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने, 'सदस्यांनी आपली चूक मान्य करण्याचे धैर्य दाखवावे' अशी सूचना मी स्वतःच्या सहीने लावली होती. ती लिफ्टच्या फुटलेल्या आरशाबद्दल होती. आरसा कोणी फोडला हे आजवर कळलेले नाही. माझ्या चुकीचे सांगायचे, तर त्यासाठी आधी बोरकुटे सांगावे लागतील.

बोरकुटे माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. वीजकेंद्रांत, शेवटी मौद्याकडच्या, त्यांनी जन्मभर मापनयंत्रे तपासली. काटा दाखवतो ते खरे की खोटे, एवढेच ठरवण्याची त्यांची नोकरी. निवृत्तीनंतर काटे सुटले, संशय सुटला नाही. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पुठ्ठ्याची एक लहानशी कमान असते, पापडाच्या तुकड्यासारखी, एका कडेने गोल कापलेली. समोरच्याने फोन बाहेर काढला की बोरकुटे त्याची खुशाली विचारण्याआधी फोन हातात घेतात, पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर कमान टेकवतात, आणि मग रोग्याच्या नातेवाइकाकडे पाहावे तसे त्या माणसाकडे पाहतात.

"अंगठा वरपर्यंत पोचत नाही गा. काहून घेतला?"

एका लग्नात त्यांनी हा प्रश्न प्रत्यक्ष नवरदेवाला, अक्षता पडल्यावर पाचव्या मिनिटाला, स्टेजवर विचारला होता. नवरदेवाचा फोन सासऱ्यांनी दिलेला होता. पुढची दहा मिनिटे दोन्ही पक्ष आपापल्या अंगठ्यांची लांबी पाहत होते.

मला त्या कमानीचे नवल वाटे ते वेगळ्या कारणाने. बोरकुट्यांचा स्वतःचा अंगठा चांगला गाजराएवढा आहे, आणि ते उजव्या हाताचे आहेत; कमान मात्र डाव्या कोपऱ्याला लागे. त्यांचा अंगठा कमानीच्या बाहेर सहज बोटभर जाई. एकदा मी तसे म्हणालो. ते म्हणाले, "असू दे जी. माप ते माप." आणि कमान खिशात गेली.

त्यांच्या कपाटाचा एक खण जुन्या, लहान फोनांनी भरलेला आहे. पडद्याला बोट लावून चालणारे फोन नवे नवे होते आणि अजून मुठीत लपत होते, त्या काळातले हे फोन. प्रत्येक फोन रुमालात गुंडाळलेला, आणि प्रत्येकाला बोरकुट्यांनी दिलेले नाव. 'मुनीम' नावाच्या फोनाबरोबर काडीसारखी लेखणी येते. त्याच्या पडद्याला हळूच बोट लावून भागत नाही, नखाने दाबावे लागते. 'नवरदेव' पाठीवर काचेचा, चकचकीत आणि सडपातळ. फोटो सुरेख काढतो, पण त्याची बॅटरी बाहेर निघत नाही आणि मे महिन्यात तो दुपारी बारा वाजता तापून स्वतःच झोपी जातो. 'पहिलवान' जाडजूड आहे; वरचा भाग जोराने सरकवला की खालून बटणे निघतात. आणि 'चिमनी'. चिमनी सुपारीच्या डबीएवढी. तिच्याकडे मी नंतर येतो.

फोन कोणताही असो, बोरकुटे त्याला एकच प्रश्न विचारीत: "देऊन काय राहिला, अन् घेऊन काय राहिला?"

त्यांच्या मते प्रत्येक फोन हा एक सौदा होता. पडदा मोठा दिला की हातातून पकड घेतली. अंग बारीक केले की बॅटरी दुपारपर्यंतच पुरली. बटणे दिली की वजन वाढले. "फुकट कोणीच देत नाही," ते म्हणत, "कंपनी लपवते फक्त. आपण शोधाचं." त्यासाठी चाचण्या होत्या. उन्हाची चाचणी गच्चीवर होई: भर मे महिन्यात, डोक्यावर ओला दुपट्टा बांधून, चार फोन कठड्यावर मांडून बोरकुटे कोणत्या पडद्यावरचे आकडे दिसतात हे वाचीत उभे असत. एकदा समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मला फोन करून विचारले, की तुमच्या गच्चीवर कोणी विधी करते आहे का. मी हो म्हणालो. ते स्पष्टीकरण सोपे होते.

सर्वांत शेवटची चाचणी 'दुसऱ्या हाताची'. वस्तू तपासणाऱ्याच्या हाताला सवय होते, म्हणून ती एक दिवस तिऱ्हाइताकडे द्यायची, असा वीजकेंद्रातला त्यांचा नियम. हा तिऱ्हाईत बहुतेक वेळा मी असे.

चिमनी माझ्याकडे आली त्या दिवशी बोरकुटे एरवीपेक्षा हळू बोलत होते. "हिच्यात फोटो बेकार आहे," त्यांनी सांगितले, "बॅटरी संध्याकाळीच बसते. पण अंगठा चारही कोपऱ्यात जाते, अन् नुसतं बोट टेकवलं का चालते. देऊन राहिली हात, घेऊन राहिली फोटो. फोटो कोणाले पाहिजे? सांभाळून वापर, सेक्रेटरी."

मी ती सदऱ्याच्या खिशात ठेवून रामदासपेठेतल्या माझ्या कार्यालयात गेलो. दुपारी जिन्यावर बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि चिमनी खिशातून निघून तीन पायऱ्या उतरली. उचलून पाहिली. ओरखडा नव्हता. मला फार हायसे वाटले. मात्र कानाला लावून पाहिले तेव्हा पलीकडचा माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येत होता.

संध्याकाळी ती परत करताना बोरकुट्यांनी विचारले, "कशी आहे?"

"छान आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या लहान वाक्यात इतका भित्रेपणा मी दुसऱ्यांदा भरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, कबूल करायचे असे ठरवूनच. बोरकुटे वही उघडून बसले होते. त्यांनी माझ्यासमोर लिहिले: 'चिमनी. कानातला आवाज आपोआप गेला. नापास.'

"दुरुस्त होईल की," मी म्हणालो.

"होईल. मी पंधरा मिनिटांत करून देतो. पण पडल्यावर बिघडली तं समजू शकते गा. जे आपोआप बिघडते, ते पुन्हा आपोआपच बिघडते. तिच्यावर भरोसा नाही ठेवता येत." त्यांनी वही मिटली. त्यांचा चेहरा इतका पडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. एवढ्याशा फोनासाठी एवढे दुःख, म्हणून मनातल्या मनात मी थोडा हसलोही. तेवढ्यात वहिनींनी आतून चहा झाल्याचे सांगितले, आणि माझी कबुली चहाबरोबर पोटात गेली.

पुढे पहिलवान पास झाला. तो कोण वापरते असे मी विचारले, तेव्हा बोरकुटे "घरात आहे" एवढेच म्हणाले.

कुसुमवहिनींविषयी इमारतीत मत चांगले नव्हते, हे मला लिहिले पाहिजे, कारण त्या मतात माझेही मत होते. त्या कोणाच्या घरी जात नसत. हळदीकुंकवाला नाही, सोसायटीच्या सभेला नाही. गॅलरीत बसलेल्या दिसत, पदर अंगभर घेतलेला. खालून नमस्कार केला तर नुसती मान हलवीत. "दोन हात जोडायले काय जाते?" असे तळमजल्यावरच्या बायका म्हणत, आणि सेक्रेटरी असूनही मी त्यांना कधी थांबवले नाही.

गेल्या महिन्यात बोरकुटे बहिणीकडे कळमेश्वरला गेले होते. दुपारी माझा फोन वाजला.

"भाऊजी, घरी आहा का? मी वरून कुसुम बोलून राहिली. घरातली लाइनच गेली जी. ते बटन वर आहे, मले पुरत नाही."

मी वर गेलो. दार लोटलेले होते. मीटरचे खाली पडलेले बटण मी वर केले, पंखा फिरू लागला, आणि मागे वळलो तेव्हा वहिनी दिवाणावर बसून आपल्या माणसाला कळवण्यासाठी फोन लावीत होत्या. डाव्या हातात पहिलवान होता. त्यांनी तो छातीशी धरला, हनुवटी त्याच्या वरच्या भागावर रोवली आणि मानेच्या जोराने तो सरकवला. उघडला नाही. पुन्हा. तिसऱ्यांदा खटकन आवाज झाला. उजवा हात पदराखालून घसरून मांडीवर आला होता. तो हलत नव्हता.

माझी नजर त्यांनी पाहिली, आणि या वेळी त्यांनी पदर ओढला नाही.

"लकवा मारला होता जी. इकडे राहाले यायच्या आधी," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगाचं नाही असं मीच म्हटलं होतं ह्यांना. लोक कीव करतात, ते नाही पटत मले. हे तेव्हा नोकरीवर, दिवसभर मौद्याले, मी एकटी. म्हणून फोन पाहिजे होता, एका हातानं लागनारा. माझा डावा अंगठा पुठ्ठ्यावर ठेवून ह्यांनी पेन्सिल फिरवली, अन् लागले धुंडाले." त्या हसल्या. "गावभर हसले लोक. ह्यांनी एका शब्दानं नाही सांगितलं कोनाले."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"एक भेटला होता बरा. चिमनी. दोन दिवस मी वापरला, असा फिरे अंगठा! पण आपोआप बिघडला म्हणे. हे म्हणाले, कुसुम, तू फोन करशील अन् मले तुझं बोलनं, तुले माझं बोलनं ऐकूच नाही आलं तं? त्यापरीस पहिलवान बरा. भक्कम आहे. फक्त ताकद घेऊन राहिला." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "आता त्याची बी स्प्रिंग गेली. महिना झाला, हे नवीन पाहून राहिले. साऱ्या पाट्याच पाट्या, अंगठा अर्ध्यातच राहते."

संध्याकाळी परतलेल्या बोरकुट्यांची पावले जिन्यावर ऐकली आणि अर्ध्या तासाने मी वर गेलो. दिवाणावर चादर टाकून त्यांनी खणातले सगळे फोन मांडले होते आणि पुन्हा एकदा प्रत्येकावर कमान टेकवून पाहत होते. चिमनी एका बाजूला, रुमालातच होती. वहिनी शेजारी बसल्या होत्या.

मी घसा साफ केला. "भाऊ, सदर फोन माझ्या ताब्यात असताना तो खाली पडल्याची घटना घडली होती."

"कोनता सदर?"

"चिमनी."

"घटना घडली म्हणजे काय गा? कोनी पाडला?"

"मी," मी म्हणालो. "कार्यालयाच्या जिन्यावर. आवाज तेव्हाच गेला होता."

बोरकुट्यांनी वही काढली, पाने मागे उलटत नेली आणि त्या पानावर बोट ठेवले. मला वाटले, आता ते मला दार दाखवतील. त्यांनी पेन पुढे केले.

"खोड. तुझ्याच हातानं खोड."

मी 'आपोआप' खोडले आणि वर 'पडल्याने' असे लिहिले. तो शब्द पाहताच या माणसाच्या चेहऱ्यावर जे आले, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. रागाची पूर्ण तयारी करून मी गेलो होतो, आणि ते आनंदले होते.

"कुसुम! वं कुसुम! आपोआप नोहोती बिघडली! चिमनी चांगली होती वं!"

"मी म्हणतच होती," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "दहा वर्सं हनुवटी लावली नं भाऊजी मी." टोमणा होता, पण डोळे हसत होते. मला ते हसणे रागापेक्षा जड गेले.

बोरकुट्यांनी बारीक स्क्रूड्रायव्हर काढले. दुसऱ्या एका मेलेल्या फोनाचा कानाकडचा भाग काढून चिमनीत बसवायला त्यांना खरोखरच पंधरा मिनिटे लागली. पहिलवानातले सिम तिच्यात गेले. मग त्यांनी मला हुकूम सोडला: "जिन्यात जा, सेक्रेटरी. दुसऱ्या हाताची चाचणी राहिली आहे."

मी अर्धा जिना उतरून वळणावर उभा राहिलो. तोवर माझ्या ध्यानात आले होते, की मी घटना सांगितली होती, चूक खोडली होती, आणि जे म्हणायचे ते अजून म्हटलेच नव्हते. उघड्या दारातून वहिनी दिसत होत्या. चिमनी डाव्या तळव्यात होती. अंगठा खालच्या कोपऱ्यातून निघाला, वर गेला, आडवा आला, एकदाही न अडखळता. माझ्या खिशात फोन वाजला.

"हॅलो," मी म्हणालो.

"हॅलोनं नाही समजत जी," कानात वहिनींचा आवाज आला. "हे म्हणतात, लंबं वाक्य पाहिजे. बोला काहीतरी."

"वहिनी," मी म्हणालो, आणि जिना रिकामा असूनही मोठ्याने म्हणालो, "फोन माझ्या हातून पडला, आणि मी भाऊंपासून लपवलं. इतकी वर्षं तुम्हाला त्याचा त्रास झाला, आणि वर मी तुम्हाला गर्विष्ठ समजत होतो. माझं चुकलं. मला माफ करा. आवाज नीट येत असेल, तर हे भाऊंनाही ऐकवा."