बाटलीतला बुडबुडा

ओतोनिएलच्या काठीचं मागचं टोक माशाच्या उकळत्या रश्श्याच्या, सांकोचोच्या पातेल्यावर आपटलं आणि अर्धं जेवण जमिनीवर सांडलं. त्याची बायको डोमितिला शेजारणीच्या बाळाचा बाप्तिस्म्याचा झगा शिवत होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"कोपर," ती म्हणाली.

"कोपराचं काय?"

"बाहेर जातंय. बैल शेपटी मारतो तसं. सरळ मागे गेलं असतं तर आज मासा खाल्ला असता."

ओतोनिएल इस्त्रीच्या टेबलावर वाकून उभा होता. समोर रमची रिकामी बाटली आडवी ठेवलेली. काठीचं टोक तिच्या तोंडातून आत न्यायचं, बाहेर काढायचं, काचेला लागू द्यायचं नाही. सकाळपासून घरात देवळातल्यासारखी किणकिण चालू होती.

कारण तीन आठवड्यांनंतरच्या रविवारचा सामना. आमचं गाव नदीच्या या काठाला, सान रोकितो त्या काठाला. पूलचा, म्हणजे काठीने चेंडू टेबलाच्या खिशात घालायच्या खेळाचा, सामना एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. इथे आम्ही जिंकतो, तिथे हरतो. का हरतो? तिथलं पाणी बाधतं म्हणे. मागच्या खेपेला तिथे ओतोनिएलने बकरीनेही ढकलला असता असा चेंडू चुकवला. तेव्हापासून कप्तान एवारिस्तो त्याला सलाम करत नव्हता. सामन्याआधीच्या शुक्रवारी चाचणी होती. त्यात चुकला तर आयुष्यभर काठावर बसून दुसऱ्यांच्या होड्या बघायच्या.

ते तीन आठवडे डोमितिलाने त्याला शिवणासारखं उसवलं आणि पुन्हा शिवलं. "मूठ आवळू नकोस. कात्रीत बोटं अडकवतात तशी धर. आणि ढकलतोस कशाला? कापड ढकललं की टीप वाकडी जाते. जाऊ दे त्याला." कोपर तिने इलॅस्टिकने बरगडीला बांधलं. डोक्यावर काळ्या कॉफीचा कप ठेवला. "चेंडू मारला की पुरुष लगेच मान वर करतो. स्वतःचा पराक्रम बघायचा असतो ना! तो कुठे पळून जात नाही." ओतोनिएलचे चार सदरे कॉफीने रंगले. पण शेवटी काठी बाटलीत शिरली आणि निघाली, आवाज न करता.

शुक्रवारी तो छाती काढून पूलच्या अड्ड्यावर गेला. पहिला चेंडू सुतासारखा सरळ निघाला आणि शेवटी चार बोटं नदीच्या बाजूला सरकला. दुसरा तसाच. तिसरा तर खिशाच्या जवळही गेला नाही.

सगळा अड्डा हसला. कप्तानाने फळ्यावरचं त्याचं नाव अंगठ्याने पुसलं. "बायकोकडून शिकलास ना? जा आता, झग्याला झालर लाव."

ओतोनिएलने घरी येऊन काठी कोपऱ्यात भिरकावली. डोमितिलाने एवढंच विचारलं, "काठी सरळ गेली होती?"

"अगदी सरळ."

"मग काठीवर का चिडतोस?"

तिने तीच बाटली पाण्याने भरली, बोटभर हवा ठेवली, बूच घट्ट लावलं आणि गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून अड्ड्यावर गेली. तिथे बायका जात नाहीत. तसं कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे तिने वाचलं नाही. तिने बाटली टेबलावर आडवी ठेवली. बुडबुडा दाराच्या बाजूला पळाला आणि तिथेच चिकटून बसला.

"दाराची बाजू वर आहे. तुमचं टेबल नदीकडे उतरलंय."

"बाटली वाकडी आहे," कप्तान म्हणाला.

तिने बाटली उलटी फिरवली. बुडबुडा पुन्हा दाराकडे.

"नळाचं पाणी आहे. आपल्या नळाचा काय भरवसा?"

वीस वर्षं त्या टेबलाचे पाय नदीकडे खचत होते आणि त्यांच्यासोबत गावाची कोपरं वाकत होती. जो जास्त वाकडा तो कप्तान. एक माणूस सरळ होऊन आला, तर त्यालाच हसून हाकललं. हे फक्त पूलमध्येच होतं असं नाही, पण मी आज पूलबद्दलच बोलणार आहे.

"चालती हो," कप्तान म्हणाला. मागे भिंतीवर नऊ चषक होते. त्यातले नऊही याच टेबलावर जिंकलेले.

शनिवारी कोंबडा आरवायच्या आत स्वयंपाकघराची कडी वाजली. दारात कप्तान. टोपी नाकापर्यंत, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"शिवायला टाकायचं होतं," तो म्हणाला.

"काय?"

कागद निसटला. आत रमची बाटली. तेवढ्यात पाण्याच्या पिंपामागून संघातला आबुंदियो उठला. "मी मीठ मागायला आलोय," म्हणाला. त्याच्याही हातात बाटली होती. कॉफी उकळेपर्यंत उरलेले दोघेही मीठ मागायला आले.

"एका दिवसात मूठ सुटायची नाही," डोमितिला तोंडात टाचण्या धरून म्हणाली. "कोपर तेवढं आवरता येईल."

"मग कोपर सांग."

"आधी नाव."

कप्तानाने खिशातून खडू काढला आणि इस्त्रीच्या टेबलावर ओतोनिएलचं नाव लिहिलं. सगळ्यात वर.

रविवारी होडीत सहा माणसं होती. सान रोकितोच्या टेबलावर कप्तानाने आधी बाटली आडवी ठेवली.

"दारू आणलीत?" त्यांच्या लोकांनी विचारलं.

"पाणी."

बुडबुडा मधोमध येऊन थांबला. कप्तान बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टोपी काढली. "ओतो, पहिला तू." आणि बाकीच्यांकडे वळून हळूच म्हणाला, "कोपरं."

ओतोनिएल वाकला. काठी मागे गेली, पुढे गेली. खिशात टप्प असा आवाज झाला. मान मात्र वर झाली नाही.

"पडला का?" त्याने टेबलालाच विचारलं.

"पडला! ऊठ, मर्दा!" कप्तान ओरडला.

"तिला विचार."

डोमितिला खिडकीत बसून तळलेलं केळं खात होती.

"अजून सहा चेंडू आहेत," ती म्हणाली. "वाकलेलाच राहा."