डॅशबोर्डवरचे माझे वाचक

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, पुष्कळदा लिहिलं होतं. फक्त टाकलं नव्हतं.

पत्र होतं एका इस्पितळातल्या सिस्टरचं. मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतो. उभं आयुष्य चुकार स्वल्पविराम पकडण्यात गेलं. शिवाय प्रकाशनाच्या वेबसाइटवर दर सोमवारी विस्मरणात गेलेल्या एखाद्या पुस्तकावर लिहितो. गोष्ट सांगतो, पण शेवट सांगत नाही. शेवट हवा तर वाचकाने पुस्तक हुडकावं, हे माझं तत्त्व! सिस्टरने लिहिलं होतं, ‘तुमचं पान मी छापून घेते आणि वॉर्डात मोठ्याने वाचते. गेल्या गोष्टीतले दुरावलेले दोन भाऊ शेवटी भेटतात का? पुस्तक कुठेच मिळत नाही आणि सात नंबरचा पेशंट रोज विचारतो.’

आता सांगा, काय उत्तर देणार? तत्त्व मोडायचं? आणि मायना काय घालायचा? ‘आदरणीय’ फार ताठ, ‘प्रिय’ फार धीट! मी आपला पाठकोऱ्या कागदांवर मसुदे लिहायचो आणि सिस्टरच्या पत्रासकट खिशात घेऊन हिंडायचो.

“अहो, तुमचा मायना ठरेपर्यंत सात नंबरचा बरा होऊन घरी जाईल!” बायको म्हणायची.

“मग प्रश्नच मिटला!”

“आणि नाही झाला बरा, तर?”

यावर मी चष्मा पुसायचो.

अशातच टक्केवारीने माझ्या पानावर कुऱ्हाड उगारली. टक्केवारी म्हणजे आमचा मार्केटिंग मॅनेजर. हा माणूस जांभई दिली तरी किती टक्के दिली ते सांगेल! मीटिंगमध्ये म्हणाला, “काकांचं पान कोणी वाचत नाही. बंद करू. तिथे सवलतींची जाहिरात टाकू.”

“कोणी वाचत नाही, हे कशावरून?” मालकांनी विचारलं.

“रिपोर्टमध्ये दिसत नाही.”

“वेबसाइट रिपोर्टला जोडलीय का?”

“ती जोडायची राहिलीय. पण दिसत नाही म्हणजे नाही!”

मी मीटिंगमध्ये बोलत नाही. चहा हवा का विचारलं तरी अशी मान हलवतो, की हो का नाही ते विचारणाऱ्याला कळू नये. पण त्या दिवशी मी ताडकन उभा राहिलो. खुर्ची पडली.

“मी जोडतो!” मी ओरडलो. “शुक्रवारी माझे वाचक या पडद्यावर दिसतील!”

“काका, तुम्हाला जमेल?”

“डाव्या हाताचा मळ!”

डाव्या हाताने मी तेव्हा टेबल घट्ट धरून ठेवलं होतं, हा भाग वेगळा.

आता हे जोडणं म्हणजे काय, ते ऐका. मी मदतीचं पान तळटीपांसकट वाचलंय. (स्वल्पविरामांची त्यात नुसती कत्तल आहे!) वेबसाइटवर कोण आलं, काय शोधलं, किती वेळ रेंगाळलं, याची मोजदाद एके ठिकाणी साठते. तिला म्हणतात अ‍ॅनालिटिक्स. दुसरीकडे असतो टक्केवारीचा डॅशबोर्ड, म्हणजे आलेखांची आरास. या दोघांची सोयरीक जमवायची. यंत्र म्हणालं, परवानगी द्या. दिली. म्हणालं, नक्की देता ना? दिली! पोरीचा बापसुद्धा इतक्यांदा विचारत नाही. शेवटी त्याने विचारलं, ‘कोणतं खातं जोडू?’ खाली दोन खाती. नावं नाहीत, नुसते लांबलचक आकडे!

दुसरा कोणी असता तर विचारून आला असता. पण विचारायचं कोणाला? टक्केवारीला! प्राण गेला तरी नाही. मी विचार केला, पुस्तकात मूळ मजकूर आधी, पुरवणी नंतर. वरचं खातं निवडलं आणि बटण दाबलं.

शुक्रवारी पडदा उजळला. वाचक कसले, वारूळ फुटलं होतं! टक्केवारीचा चेहरा उतरला. किती टक्के, ते मी मोजलं नाही.

“लोक रात्री जास्त येतात,” तो पुटपुटला.

“झोप उडते त्यांची!” मी म्हणालो.

“सगळ्यात जास्त काय शोधलंय... पाठदुखी?”

मी अडखळलो. पण माघार घेईन तर शपथ! “वाकून वाचतात. तल्लीन होतात हो माणसं!”

“त्याखालोखाल, कडक की मऊ.”

“बांधणी! पुठ्ठ्याची हवी की साधी, ते विचारतायत. पुस्तकवेडी माणसं ती!”

“आणि मग, दोघांसाठी.”

“नवरा-बायको मिळून वाचतात,” हे मालकच म्हणाले आणि त्यांचे डोळे पाणावले.

त्यांनी लगेच फलक करायला सांगितला. माझा फोटो आणि खाली ‘झोप उडवणारा लेखक!’

“झोप उडवणारा?” बायको म्हणाली. “मी तर तुमचा लेख गोळीऐवजी घेते!”

मनात शंका कुरतडत होतीच. वाचक एवढे, मग पत्र एकच कसं? पण मी त्या शंकेला दटावलं. जन्मभर स्वतःवर शंका घेत आलो. एक आठवडा सुट्टी घेतली तर काय बिघडतं?

बिघडलं ते पुढच्या शुक्रवारी. मालकांनी मिरवायला म्हणून मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याचं गाद्यांचं दुकान, आणि तो स्वतःही आपल्या मालासारखाच, बसला की खोलगट होणारा. पडद्याकडे बघून म्हणाला, “दाजी, माझ्या दुकानाचे आकडे इथे कशाला लावलेत?”

“तुझ्या दुकानाचे?”

“वेगळी कटकट नको म्हणून माझी वेबसाइट तुमच्याकडेच मोजतात ना! पाठदुखी, कडक की मऊ, दोघांसाठी... काका, लोक तुमच्या लेखावर झोपतात की काय?”

टक्केवारी शंभर टक्के हसला. त्याने चटकन खालचं खातं जोडलं. आलेख असा आडवा झाला, की त्याला मेहुण्याचीच गादी लागावी!

“वाचक दोन,” टक्केवारी म्हणाला. “एक आपल्याच ऑफिसातला. दिवसभर पान उघडतोय, मिटतोय, उघडतोय. हा कोण वेडा?”

मी चष्मा पुसायला घेतला. प्रसिद्ध झालेल्या मजकुरातले स्वल्पविराम पुन्हापुन्हा तपासायची खोड जुनी आहे.

“म्हणजे उरला एक! तोही सोमवारी सकाळी येतो आणि मिनिटात पसार. याला वाचक नाही म्हणत, चुकून आलेला म्हणतात.”

“चुकून?” खुर्ची पुन्हा पडली. “ती सिस्टर आहे! पान छापून घेते आणि वॉर्डात वाचते. तुमच्या यंत्राला एक माणूस दिसतो, तिथे अख्खा वॉर्ड ऐकत पडलेला असतो! कान मोजता येतात का त्याला?”

आणि मी खिशातून पत्र काढून वाचलं. आवाज कापत होता. कापू दे! शेवटपर्यंत वाचलं.

मग मालक म्हणाले, “काका, भेटतात का हो ते भाऊ?”

“सांगणार नाही!”

“आँ?”

“सोमवारी पानावर येईल. पान बंद कराल, तर शेवट माझ्याबरोबर घरी जाईल!”

“दाजी, पान ठेवा हो!” मेहुणा कळवळला. “आता मला झोप लागायची नाही!”

“ठेवलं,” मालक म्हणाले. “पण काका, या सिस्टरना उत्तर काय दिलंत?”

मी पडलेली खुर्ची उचलण्यात फार वेळ घालवला.

“वाचक एक,” टक्केवारी म्हणाला, “आणि उत्तर शून्य टक्के.”

मी तडक जागेवर गेलो, कागद ओढला आणि मायन्याशिवाय लिहिलं, ‘भाऊ भेटतात. सात नंबरला लगेच सांगा, सोमवारची वाट बघू नका.’ पाकीट, तिकीट, कोपऱ्यावरची पेटी. टाकलं!

घरी छाती काढून सांगितलं. बायको म्हणाली, “बघा, किती सोपं होतं! कागद तरी बरा घेतलात ना?”

तेव्हा आठवलं. टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा एकच गठ्ठा होता, टक्केवारीने छापून मग रद्दीत काढलेल्या पहिल्या, गाद्यांच्या रिपोर्टचा. म्हणजे भाऊ जिथे भेटतात, त्याच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलेलं असणार: ‘पाठदुखी. कडक की मऊ? दोघांसाठी.’

असो! गेलं ते गेलं. वॉर्डात कोणाची ना कोणाची पाठ दुखत असेलच. आणि स्वल्पविराम म्हणाल, तर पत्रात एकही चुकलेला नाही!